लॅरावेलला कुणी विचारत नाही

"तुमच्या लॅरावेलला काळं कुत्रंबी इचारंना, मॅडम!" चनबसप्पा सरांनी मोबाइल टेबलावर आपटला.

चैताली उभीच होती. बसा म्हणायची रीत सरांकडे नव्हती. सात रस्त्याजवळच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वेबसाइट बांधायची दोन फ्रेमवर्क शिकवली जात. चैताली लॅरावेल शिकवायची, सुमित रिॲक्ट. सोमवारपासून त्यातलं एकच चालणार होतं आणि दुसऱ्याच्या शिक्षकाला घरी बसायचं होतं. लोकांना जास्त हवं ते कुठलं, हे ठरवायला सरांनी आपली अक्कल पाजळली होती. दोघांचे व्हॉट्सॲप ग्रुप उघडायचे आणि माणसं बघायची, झालं.

सुमितचा ग्रुप गड्ड्याच्या जत्रेसारखा फुललेला. दिवसभर शंका आणि सकाळी फुलांसकट गुड मॉर्निंग. चैतालीच्या ग्रुपमध्ये बोटांवर मोजावीत एवढी पोरं, तीही गप्प. सुमित खुर्चीत रेलून गालात हसत होता. त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं चैतालीला मनापासून वाटलं.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. सोडून गेलेल्यांची नावं मोठ्यांदा वाचू लागले, मुद्दाम लाज काढायला.

"पायल, ग्रुप सोडला. हणमंत, सोडला. शिवानी, तीबी गेली! अवो, पोरं पळून चाललीत की तुमच्यापास्नं!"

"पायल पुण्याला हाय," चैताली म्हणाली. "हणमंत हितंच, होटगी रोडला एका कंपनीत. शिवानी बेंगळुरूला."

"मंजे?"

"काम लागलं की ग्रुप सोडायचा, हा माझा नियम हाय, सर. तितं गुड मॉर्निंग टाकत बसायचं न्हाय. जाताना परत्येकानं तुमाला पेढे आणून दिले. तुमी खाल्ले. कशाचे, ते एकदाबी इचारलं न्हाय."

सरांचा चेहरा उतरला, पण राग उतरेना. तो काढायला कुणीतरी हवंच होतं. ते सुमितकडे वळले.

"काय रे, काम लागलं म्हणून तुझा ग्रुप किती जणांनी सोडलाय?"

सुमित सावरून बसला. हसू कधीच मावळलं होतं.

"एकानंबी न्हाय, सर."