लँडमास्टरचा नवा मीटर

"तिन्ही मांडून ठेवलेत, मालक. तांबडा, हिरवा, आन तिसरा घड्याळासारखा, काळ्या आकड्यांचा. कंचा बसवू सांगा," जालिंदर म्हणाला.

रुद्रप्पा नवनाथच्या खांद्यावर हात ठेवून गॅरेजची पायरी चढले. सव्वीस वर्षं नवनाथ त्यांची पंचावन्न सालची काळी लँडमास्टर चालवत होता. यंदा तिचा वेग दाखवणारा काट्याचा मीटर कायमचा बसला. मग मांजरसुंब्याच्या या जालिंदरनं मुंबईहून आकड्यांचे मीटर मागवले. देश खुला झाला म्हणतात, तेव्हापासून पुढाऱ्यांच्या गाड्यांत असली चैन दिसू लागली होती. चाळीस वर्षांच्या म्हातारीला तसला दागिना घालायचा म्हणजे हौसच.

पण मीटर हे निमित्त होतं. परीक्षा नवनाथची होती.

मागच्या आठवड्यात नांदूरघाटच्या वेशीत बंकटच्या शेळ्या गाडीखाली येता येता वाचल्या. रुद्रप्पा पुढच्याच सीटवर होते. ते अवाक्षर बोलले नाहीत. बंकट मात्र गप्प बसणारा नव्हता. मालकांचा मुलगा श्रीशैल पुण्याहून आला होता, त्याच्या कानावर त्यानं सगळं घातलं.

"नवनाथला दिसत नाही, अप्पा," श्रीशैल म्हणाला. "गाडी विकून टाका."

"मी सोता तपासतो त्याला," रुद्रप्पा म्हणाले. "नव्या मीटरचे आकडे दहा पावलांवरून वाचले, तर गाडी ऱ्हाईल. न्हाई वाचले, तर तू म्हणशील तसं."

श्रीशैलचं म्हणणं खरं होतं, हेच तर दुखणं होतं. साखरेनं नवनाथच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला होता. चष्म्यानं काही व्हायचं नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. रस्ता त्याला पांढरट पट्ट्यासारखा दिसे आणि समोरचा ट्रक काळ्या ढिगासारखा. सवयीवर गाडी चालली होती. घरी पोचल्यावर तो स्वतःलाच शिव्या घाली. पण अंजलीचं, त्याच्या मुलीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं. नोकरी गेली की पोरगी वसतिगृहातून घरी. एवढं एकच वर्ष, असं तो मनाशी म्हणे. मागच्या वर्षीही तो असंच म्हणाला होता.

या परीक्षेचं त्याच्या कानावर आलं होतं, म्हणून परवा तो एकटाच एसटीनं जालिंदरकडे येऊन गेला होता.

"मीटर तपासताना आकडा कंचा दिसतो रे?" त्यानं विचारलं होतं.

"गाडीला जोडल्याबिगर येग कुठून येणार? नुसती बॅटरी लावली की आकड्याच्या सगळ्या कांड्या लागत्यात. आठावर आठ. तिन्हीत अठ्ठ्याऐंशीच." मग जालिंदर थांबला. "कावून इचारता, नवनाथभाऊ?"

"तू फकस्त गप ऱ्हा."

दोघं मूळचे एकाच गावचे. जालिंदरनं मान खाली घातली होती आणि पुढं काही विचारलं नव्हतं.

आज गाडीत मागच्या सीटवर मालकांच्या लेकीची मुलगी ईश्वरी झोपली होती. सात वर्षांची. तिला बीडला आईकडे पोचवायचं होतं, म्हणजे इथून पुढं घाट उतरायचा होता. नवनाथनं सकाळपासून तिच्याकडे बघायचं टाळलं होतं.

रुद्रप्पांनी त्याला भिंतीशी उभं केलं आणि स्वतःही त्याला लागून उभे राहिले. खांद्यावरचा हात तसाच होता.

"लाव रे, जालिंदर."

तांबडा डाग उजळला.

"अठ्ठ्याऐंशी," नवनाथ म्हणाला.

"बराबर! म्होरचा."

हिरवा डाग. नवनाथनं डोळे बारीक करून वाचल्याचं सोंग केलं. "अठ्ठ्याऐंशीच की, मालक."

"आन तिसरा?"

तिसऱ्यात उजेड नसतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याला राखाडी चौकोन तेवढा दिसला. जालिंदर टेबलाआड वाकला होता. मालकांचा हात जरा जड झाल्यासारखा वाटला. चोराच्या मनात चांदणं. जास्त थांबलो तर संशय येईल, असं वाटून नवनाथ घाईनं बोलला.

"ह्यातबी अठ्ठ्याऐंशी."

रुद्रप्पांनी मोठा सुस्कारा सोडला. "वा रे पठ्ठ्या! मलाबी तेच दिसतंय. आन ह्योच बरा, बघ. तांबडा-हिरवा डोळ्याला झोंबतो. ह्याचे आकडे कसे ठळक, काळेभोर! जालिंदर, आमी बीडहून माघारी आलो की ह्योच बसवून टाक."

जालिंदर उठून उभा राहिला. त्याच्या हातात तारेचं वेटोळं होतं. "व्हय, मालक," एवढंच तो म्हणाला.

"आजच श्रीशैलला सांगतो, गाडी विकायची न्हाई," रुद्रप्पा म्हणाले. "गाडी गेली असती तर मी घरात कोंडून मेलो असतो, नवनाथ."

नवनाथला आनंद व्हायला हवा होता. त्याला रडू येत होतं. एका भल्या माणसाला फसवून त्यानं आणखी एक वर्ष मिळवलं होतं आणि त्या वर्षातला प्रत्येक दिवस त्याला भीतीत काढायचा होता. त्यानं मालकांना हाताला धरून गाडीत बसवलं. दाराच्या आवाजानं ईश्वरी जागी झाली.

"नवनाथमामा, घाट लागला की मला उठवा हां," असं म्हणून ती पुन्हा आडवी झाली.

नवनाथ वळसा घालून आपल्या दाराकडे निघाला, तेव्हा डिकीमागं जालिंदरनं त्याचा दंड धरला. त्याचा चेहरा नवनाथला दिसत नव्हता. तो कानाशी कुजबुजला.

"भाऊ, मी तार शोधाय वाकलतो. तिसऱ्याला बॅटरी लावलीच नव्हती. काच कोरी होती, आन मालकाला तिच्यात आकडे दिसले."