हात कुणाचा?

मॅडम रोज नऊला गाडी घेऊन कामावर जात. त्या दिवशी त्यांनी रजा घेतली आणि बरोबर नऊलाच चोराने गाडी पळवली. वॉचमनने सवयीप्रमाणे गेट उघडलं, वर कडक सलामही ठोकला.

"चोराला सलाम? डोकं घरी ठेवून येतोस का रे?" मॅडमचे यजमान, म्हणजे साहेब, कडाडले. "उद्यापासून येऊ नकोस!"

"साहेब, ती गाडी दिसली की हात आपोआप वर जातो. मुद्दाम नाही केलं."

"हात तुझाच ना? मग तूच निस्तर!"

तेवढ्यात चोरीच्या तपासाला आलेल्या हवालदाराने गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं.



गाडी बाहेर पडत होती आणि वर गॅलरीत साहेब रोजच्यासारखा मॅडमना टाटा करत होते. मॅडम त्यांच्या शेजारीच चहा पीत उभ्या होत्या.