रिकाम्या खात्याचा दाखला

शिक्षा संपून सात महिने झाले तरी तुरुंगातून मला सोडेनात, म्हणून "मला बेकायदा डांबून ठेवलंय" असा कोर्टाला अर्ज मीच लिहिला. पण कैद्याचं खातं रिकामं असल्याचा तुरुंगाचा दाखला जोडला तरच कोर्टाची फी माफ होते. कारकुनाने माझं खातं उघडलं आणि त्याला हसू आवरेना. "शिवणकामाची मजुरी साठलीय की तुझी! फी भरायला कमी आणि माफीला जास्त. आता बस बोंबलत!" मी म्हटलं, "बरं, मग या कँटीनच्या चिठ्ठ्यांवर तरी सह्या करा." बराकीतल्या बायकांना साबण-बिस्किटं हवी असतील असं समजून त्याने न वाचताच भराभर सह्या ठोकल्या. दुपारी मी त्या चिठ्ठ्यांवर कँटीनमधून घेतलेल्या कोऱ्या कागदांचा भलामोठा गठ्ठा त्याच्या टेबलावर आदळला. "दमडी उरली नाही. लिहा दाखला." त्याने खातं पाहिलं, मग गठ्ठा पाहिला. "अगं, तुझा अर्ज चार पानांचा. एवढ्या कागदांचं काय लोणचं घालणार आहेस?" "एकटीच्या मजुरीत एवढे कागद येतात होय, साहेब? शिक्षा संपूनही अडकलेल्या अजून अकराजणी आहेत आमच्या बराकीत. सकाळच्या चिठ्ठ्या त्यांच्याही होत्या. सगळ्यांची खाती रिकामी झाली, आता सगळ्यांचे अर्ज मी लिहिणार." मी दाराकडे बोट दाखवलं. "बारा दाखले काढा, बाहेर रांग लागलीय. आणि हो, या वेळी वाचून सही करा."