ओठांतल्या टाचण्या

शिंप्याने हिशेब केला तेव्हा लाभाच्या बाजूला एकच गोष्ट होती: काजं-बटणं पुन्हा बायको करणार. लेकीवर तो शेवटचा ओरडला, त्या दिवसापासून बायकोने सुईला हात लावला नव्हता. शिवायला आलेला एका वकिलांचा कोट तसाच अर्धवट लटकत होता. अट तिने साधी घातली होती. "लेक बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. तिचं संपेपर्यंत ऐकायचं."

स्वभाव बदलायचा त्याचा मुळीच विचार नव्हता. त्याने पळवाट काढली. लेक दुकानात आली की ओठांत चार टाचण्या धरायच्या. शिंप्याच्या तोंडात त्या शोभतातही. आणि ओरडायला तोंड उघडलं, की टाचणी घशात.

पहिल्या दिवशी लेकीने विचारलं, "बाबा, दात दुखतोय का?"

"हं."

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर टेकली. मग रोजच बसू लागली. मैत्रिणींची भांडणं, कुठल्याशा सरांचा विग, काय वाट्टेल ते. टाचण्यांमागून "हं" येत राहिलं. पडद्याआड बायको काजं करू लागली. सौदा वसूल झाला.

वकिलांच्या कोटाची बाही मशीनखाली होती, तेव्हा लेक आली ती खांद्याला बॅग अडकवूनच. बसली नाही.

"कॉलेज सोडलंय. बस चालवायला शिकतेय, महिना झाला. आता ओरडायचं तर ओरडा. मी मावशीकडे चालले, आणि परत यायची नाही."

पडद्याआडची सुई थांबली. मशीन मात्र धडधडत राहिलं. शिंपी लाल झाला, मग जांभळा, मग हळूहळू माणसात आला.

"रिव्हर्स जमतं का?"

लेक बघतच राहिली. "जमतं. वळणावर तेवढी घाबरते."

"मग बॅग ठेव खाली. पहिल्यापासून सांग बघू."

बायकोने पडदा सारला. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग टाचण्यांच्या उशीकडे. चारही टाचण्या उशीत होत्या. आज त्याने त्या ओठांत धरल्याच नव्हत्या.

"अहो, तुमच्या टाचण्या..."

"थांब गं. बोलतेय ना ती!"

एवढं शहाणपण आलं, पण शिंप्याला ते फुकटात पडलं. किंमत मोजली वकिलांनी. ऐकण्याच्या नादात त्यांच्या कोटाची बाही मनगटाशी पार शिवली गेली होती. दुसऱ्या दिवशी भर कोर्टात त्यांचा हात आत गेला, तो बाहेर आलाच नाही.