खोलीतला आवाज

कुवेतहून महिनाभराच्या रजेवर पनवेलला आलेल्या मुनाफने होम थिएटर घेतलं. हॉल फार घुमायचा, म्हणून तीन आठवडे खपून त्याने सबवूफरचा बेस हाताने जुळवला. उरलीसुरली कसर मशीनने आपोआप भरून काढावी म्हणून त्याने सोबतचा, खोलीतला आवाज मोजणारा माइक हॉलच्या मधोमध ठेवला, पण स्क्रीनवर पुन्हा पुन्हा तेच येई: 'खोलीत आवाज आहे.'

त्याने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, मग संशयाने माइक उलटसुलट करून पाहिला.

"दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला वाटतं," तो पुटपुटला. मग त्याने बायकोला हाक मारली, "फरिदा, तुला येतोय का गं कसला आवाज?"

त्याने जाऊन बेडरूमचं दार ढकललं.



त्याच्या परतीच्या बॅगेत कपडे भरता भरता फरिदा तोंडात ओढणी कोंबून रडत होती.