बारीक लाईन

या, अशा जवळ सरका. श्वास चालू आहे तोवर ऐकून घ्यावं माणसाने. गोष्ट छोटीच आहे, एका नळवाल्याची.

त्याला नवं फुप्फुस बसवून सहावा आठवडा होता. सकाळी डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून आत पाहिलं. जोडापाशी श्वासनळीची भिंत काळी पडली होती.

"तिला रक्त पोचत नाहीये," बाई म्हणाल्या.

"का? रक्तवाहिन्या जोडल्यात ना?"

"मोठ्या जोडल्या. पण श्वासनळीच्या भिंतीला रक्त देणाऱ्या वाहिन्या वेगळ्या, अगदी बारीक. त्या बहुधा जोडत नाहीत. शेजारून जे झिरपतं, त्यावर भिंत तग धरते. बहुतेकांचं निभावतं. तुमचं अवघड दिसतंय."

नळवाला उसळला. चाळीस वर्षं पाईप जोडण्यात गेलेली त्याची.

"मोठी लाईन जोडली, बारीक सोडली! आणि म्हणे शेजारून भागवा! माझ्या गड्याने असं अर्धवट काम केलं असतं, तर कानाखाली काढली असती!"

एवढ्यानेच दम लागला. छातीत शिट्टी वाजली. बाई पुढच्या खाटेकडे वळल्या.

उशाशी त्याची थोरली वहिनी उभी होती, तोंडाला मास्क लावून. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. त्याला उकळलेलंच पाणी चालायचं. ते पहिल्या दिवसापासून तीच घेऊन यायची. पोटची मुलं काळजी करायची, फोनवरून.

"वहिनी, तुम्हीच सांगा. शेजाऱ्याच्या जिवावर कोणी जगतं का?"

वहिनीने थर्मासमधून पेला भरला. त्याच्या हाती दिला.

"जगतं की, भावोजी. तुमचे दादा गेले, त्या वर्षी तुम्ही घरभर नवे पाईप टाकलेत. माझ्या मागच्या खोलीची लाईन तेवढी राहिली. म्हणालात, तोवर शेजारून भागवा. अकरा वर्षं बादल्या वाहतेय. हे पाणीही शेजारणीच्याच नळाचं. चांगलं उकळलंय, घ्या."

पेला ओठांशी थांबला. 'उद्याच जोडतो' म्हणायला त्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

तीन दिवसांनी ती हवाही थांबली.

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्याच्यासाठी मागा, तोही देवाचं लेकरूच. पण आधी त्या माउलीला आठवा. तिच्या खोलीत आजही नळ नाही.