खाकी कव्हर

"कव्हर तसंच लावलं ना बे?" मुख्याध्यापक रविकांत सरांनी विचारलं.

"तसंच सर. चहाचा डाग बी तिथंच पाडला," कुंदन सर म्हणाले.

खाकी कव्हरच्या आत सातवीचं गणित होतं. पुस्तक टेबलाभोवती फिरलं, सगळ्या स्टाफने पाहून घेतलं. प्रतीक्षा मॅडमनेही पाहिलं आणि पुढे सरकवलं.

शनिवारी शाळा सुटली की स्टाफरूममध्ये सामूहिक वाचन व्हायचं. शिक्षकांचा विकास व्हावा म्हणून. बालशिक्षणावरचं एक खाकी कव्हरचं पुस्तक संस्थेने दिलं होतं. दर शनिवारी एकाने त्यातली दोन पानं मोठ्याने वाचायची, 'आज आपण काय घेतलं' ते सांगायचं, आणि ज्याची पाळी त्यानेच नाश्ता आणायचा. विकास किती झाला देव जाणे. नाश्त्यात खंड पडला नाही.

आज पाळी खुशालराव सरांची. एका हाताने चौकट चाचपत ते आत आले. दुसऱ्या हातात राजापेठेतून आणलेले, दही-तर्री घातलेल्या गिल्या वड्याचे पुडे.

"पयले खाऊन घ्या, मंग आयका," ते म्हणाले. एक पुडा त्यांनी वेगळा काढला आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे धरला. "हा प्रतीक्षाबाईचा."

प्रतीक्षाने तो घेतला. उघडला नाही.

साखरेने खुशालरावांचे डोळे खाल्ले होते. वर्गातली पुस्तकं तोंडपाठ, म्हणून निभत होतं. मागच्या मीटिंगला रविकांत सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दिसत नसंल तर स्वेच्छानिवृत्ती घ्या ना. पोरांचं नुकसान कायले करता?" तेव्हा खुशालराव उठून उभे राहिले होते. "मले दिसते. पुढच्या वाचनात माही पाळी लावा."

काल संध्याकाळी प्रतीक्षानेच त्यांना फोनवर ती दोन पानं वाचून दाखवली होती. पुन्हा पुन्हा, त्यांची पाठ होईपर्यंत. शेवटी म्हणाली होती, "सर, उद्या अडखळत वाचा थोडं. पाठ केल्यासारखं वाटू नये."

रविकांत सरांनी खाकी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "पान उघडूनच देतो, सर. तुमाले तरास नको."

खुशालरावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. बोट ओळीवर ठेवलं. ओळ कसली, त्रैराशिक होतं ते.

"घाबरलेलं मूल 'मला येत नाही' असं कधी म्हणत नाही," त्यांनी सुरुवात केली. "ते शेजारच्या मुलाच्या ओठांकडे पाहतं आणि आपलेही ओठ हलवतं. शिक्षकाला वाटतं, वर्ग म्हणतो आहे."

आवाज खणखणीत होता. बोट सरकत होतं. एका शब्दावर ते मुद्दाम अडखळले, मागे आले, पुन्हा वाचला. बरोबर जागी त्यांनी पान उलटलं.

शिक्षक खदखदून हसत नाहीत. ते रुमाल लावून हसतात. पदव्या असतात ना. कुंदन सरांनी तर्रीचं बोट चाटलं आणि शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "उलटं देलं असतं तरी चाललं असतं."

वाचन संपलं. टाळ्या पडल्या. खुशालरावांनी चष्मा काढला. कपाळावर घाम होता, पण चेहरा पोराला पहिला नंबर मिळावा तसा.

"वा!" रविकांत सर म्हणाले. "आता याच्या फुडचं प्रतीक्षा मॅडम वाचतील. या, इकडं माह्या बाजूले बसा."

प्रतीक्षा उठली. लग्नाच्या आधीपासून ती विनाअनुदानित तुकडीवर शिकवत होती; म्हणजे काम पूर्ण आणि पगार मॅनेजमेंटला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढा. अनुदानाची एकच जागा रिकामी होण्यासारखी होती. खुशालरावांची.

पुस्तक तिच्या हातात आलं. पुढचा परिच्छेद तिला माहीत होता. काल तो पण वाचला होता तिने. नुसतं तोंड उघडून म्हणायचा होता.

"जे छापलं आहे तेच वाचजा, मॅडम," रविकांत सर हळूच म्हणाले. "तुमचा प्रस्ताव सोमवारी नेऊन राहिलो मी शिक्षणाधिकाऱ्याकडं."

खुशालराव मान तिरकी करून ऐकत होते. ओठ हलत होते त्यांचे. पुढचं त्यांनाही थोडं पाठ होतं.

"एका टाकीला दोन नळ आहेत," प्रतीक्षाने वाचलं. "पहिला नळ टाकी सहा तासांत भरतो…"

ओठ थांबले.

मग रुमालही कोणी लावला नाही. कुंदन सरांना ठसका लागला, कोणीतरी त्यांच्या पाठीत थापट्या मारल्या.

रविकांत सरांनी डोळे पुसले. "कोण पाठ करून देते हो तुमाले? घरचं तं कोणी नाही."

प्रतीक्षाने पुस्तक मिटलं.

"कोणी नाही," खुशालराव म्हणाले. "रेडिओवर लागते."

पुन्हा हशा. रविकांत सरांनी कपाटातून कोरा कागद काढला, त्यांच्यापुढे ठेवला, पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि सही कुठे करायची ते बोट धरून दाखवलं. "वर निवृत्तीचा मजकूर आमी लिहून घेऊ. तुमाले तरास नको."

खुशालरावांनी सही केली. सही सरळ आली.

"घ्या मॅडम." रविकांत सरांनी खिडकीजवळचा पुडा मागवून तिच्यापुढे उघडला. "पेढे तुमी द्या मंग. आज हेच." सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने घास घेतला.

खुशालराव उठले. चौकट सापडली तेव्हा थांबले आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले,

"बाई, तुमाले तिखट चालत नाही म्हून तुमच्यात दही ज्यादा टाकाले सांगतलं होतं. टाकलं का त्यानं?"

प्रतीक्षाचं तोंड भरलेलं होतं.